वाड्यातली मंडळी ग्रुप: लीड्सच्या घरातला हीटर

मंगलकाकू: मंडळी, आज स्पष्टच लिहिते. या घरातल्या हीटरपुढे मी हात टेकले. पहाटे इतकं उकडतं की पांघरूण फेकावं लागतं आणि संध्याकाळी पाचला त्याच हीटरला हात लावला तर गारढोण. मंदारला विचारलं की म्हणतो, आई, जुनी सिस्टीम आहे, असंच असतं.

ओंकार: काकू, परत या सांगलीला. इथे दुपारी 32 आहे 😂

विश्वासकाका: वहिनी, आधी मीटर बघा. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर दोन्ही आकडे लिहून घ्या.

मंगलकाकू: भाऊजी, मीटर खाली जिन्याजवळच्या कपाटात आहे. बाळाला टाकून मी तिथे कुठे जाऊ?

सुधाआत्या: वहिनी, तब्येतीला जपा. बाळाचे फोटो काही इकडे आले नाहीत. बारशाचे फोटोही आम्ही दुसऱ्यांच्या स्टेटसला पाहिले. असो.

केतकी: आत्या, चुकलंच, आज नक्की पाठवते. हीटरचं सांगायचं तर बेडरूममध्ये पहाटे 27 दाखवतं. बाळाच्या खोलीत 16 ते 20 ठेवा असं हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे बाळाला बघायला घरी येणाऱ्या नर्सने, बजावलंय. म्हणून मी खिडकी किलकिली करते. आई येऊन लावून टाकतात.

मंगलकाकू: दीड महिन्याच्या लेकराला जानेवारीच्या वाऱ्यात कोण ठेवतं गं? सगळ्यांसमोर बोलणार नव्हते, पण तूच विषय काढलास.

मंदार: आई, केतकी, घरातलं घरात बोलू या ना. आणि दोन खोल्यांचं महिन्याचं बिल 260 पाउंड आलंय, मला त्याची जास्त काळजी आहे.

विश्वासकाका: बिल चढलंय ना? मग आधी मीटर बघ. दोन्ही आकडे.

प्रज्ञा: मामी, जरा थांबा, मी सांगते. एडिंबरात आमच्याकडेही पहिली काही वर्षं हेच हीटर होते. भिंतीला टेकलेल्या त्या जाड डब्यात जड विटा असतात. रात्रीच्या स्वस्त विजेवर त्या काहीशे अंशांपर्यंत तापतात आणि मग दिवसभर ऊब सोडत राहतात. डब्याच्या वर, कोपऱ्यात दोन बटणं असतील. मंदार, त्यांचा फोटो टाक.

मंदार: 📷 इनपुट 6, आउटपुट 6. दोन्ही खोल्यांत तेच. हॉलचा हीटर 3.4 किलोवॅटचा आहे. आधीच्या भाडेकरूने ठेवलं होतं तसंच आहे, ताई.

प्रज्ञा: मग सगळं तिथेच आहे. इनपुट म्हणजे आज रात्री किती ऊब भरून घ्यायची. आउटपुट म्हणजे ती किती भराभर सोडायची. आत एक झडप असते. 6 वर ती सताड उघडी राहते, म्हणजे रात्री एकीकडे विटा तापतायत आणि दुसरीकडे ऊब खोलीत ओतली जातेय. म्हणून पहाटे 27 आणि संध्याकाळी खडखडाट. झोपताना आउटपुट 1 वर आणा. सकाळी, दुपारी 1 वरच राहू द्या, झडप बंद असली तरी डबा आपोआप थोडी ऊब देतच असतो. चार-पाच वाजता 4 किंवा 5 करा. झोपताना आठवणीने परत 1.

ओंकार: अरे, म्हणजे वाड्यातला बंबच की! पहाटे पेटवायचा आणि शेवटच्या माणसाच्या आंघोळीपर्यंत पुरवायचा.

सुधाआत्या: बंबाचं नाव निघालंच आहे म्हणून विचारते. तो तांब्याचा बंब आहे कुणाकडे? आई मला देणार होती.

विश्वासकाका: सुधा, बंब माझ्याकडे आहे. येऊन घेऊन जा म्हणून तुला दोनदा सांगितलंय. इथे हीटरचं चाललंय. मंदार, मीटर बघितलंस का?

सुधाआत्या: येऊन घेऊन जा म्हणे. वाडा रिकामा करताना सगळ्यांच्या सामानाला टेम्पो मिळाला, माझ्याच नाही मिळाला.

मंगलकाकू: वन्सं, बंबाचं मी आले की निवांत बोलू. प्रज्ञा, उद्या थंडी वाढणार असली तर काय करायचं?

प्रज्ञा: मामी, इनपुट आज रात्रीच वाढवायचं. उद्या सकाळी फिरवून काही होणार नाही, विटा रात्रीच तापतात. बाळाच्या खोलीत इनपुट 2 किंवा 3 पुरे, हॉलमध्ये 5 ठेवा. आणि लगेच गुण येणार नाही, दोन-तीन रात्री जाऊ द्या.

केतकी: ताई, हीटरवर बाळाची दुपटी वाळत घातली तर चालतं का?

प्रज्ञा: अजिबात नाही! गरम हवा कोंडली की आतला कटआउट, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच, पडतो आणि हीटर बंद होतो. आगीचीही भीती असते.

मंगलकाकू: कळलं कुणासाठी विचारलं ते. दोनच दुपटी होती. बाहेर ऊन नाही, घरात जागा नाही, मग बाळाचे कपडे वाळवायचे कुठे तेही एकदा सांगा.

प्रज्ञा: मामी, घडीचा स्टँड मी ऑर्डर करते. हीटरपासून लांब ठेवा म्हणजे झालं.

ओंकार: पण बाबा, तिकडे रात्री वीज स्वस्त कशी? आपल्याकडे स्मार्ट मीटरवाल्यांना सवलत दिवसा 9 ते 5 आहे.

विश्वासकाका: आपल्याकडे दिवसा सौर वीज भरपूर येते म्हणून. त्यांची योजना 1978 ची, इकॉनॉमी 7, रात्रीचे सात तास. कोळशाची आणि अणुवीज केंद्रं रोज रात्री बंद करून सकाळी चालू करणं परवडत नाही, आणि रात्री मागणी तर कोसळते. मग ती वीज घरोघरच्या विटांमध्ये साठवायची. उत्तम विचार होता. पण त्याची भरपाई म्हणून दिवसाचा दर साध्या दरापेक्षा जास्त लावतात. साधारण 40 टक्के तरी वापर रात्रीत बसायला हवा, नाहीतर तोटा. तो बसतोय का हे मीटर बघितल्याशिवाय कसं कळणार? मी सकाळपासून घसा कोरडा करतोय.

मंदार: काका, मीटर ऑक्टोबरमध्ये बदललंय. जुन्या मीटरला हीटर चालू-बंद करायचा इशारा रेडिओवरून यायचा. ती सेवा गुंडाळतायत म्हणून नवीन स्मार्ट मीटर बसवलं.

प्रज्ञा: हो, बीबीसी रेडिओ 4 च्या लाँग वेव्हवरून, 198 किलोहर्ट्‌झ. त्याच लहरींतून इशारा जायचा, ऐकणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही.

विश्वासकाका: मीटर बदललंय आणि हे तू मला आज सांगतोस? आज रात्री काहीही करून आकडे घे.

(बुधवार)

मंदार: काका, रात्री 11 ते सकाळी 8. मीटरवर दोन दरांचे वेगळे आकडे आहेत. रेट 1 चा आकडा 34 ने वाढला, रेट 2 चा फक्त 2 ने.

विश्वासकाका: बिलावर रेट 1 म्हणजे काय लिहिलंय?

मंदार: दिवस.

विश्वासकाका: सापडलं! नोंद उलटी झालीय. हॉलचा हीटर 3.4 किलोवॅटचा म्हणालास ना? सात तास पूर्ण चालला तर त्या एकट्याचेच 23.8 युनिट. ते सगळे तू दिवसाच्या भावाने भरतोयस, मीटर बदललं तेव्हापासून.

ओंकार: बाबा, तुम्हाला दंडवत 🙏

मंदार: कंपनीला फोन केला. बराच वेळ ताटकळत ठेवून म्हणाले, मीटर व्यवस्थित आहे.

प्रज्ञा: फोनवर सोडू नकोस. लेखी तक्रार कर, रात्रीचे-सकाळचे फोटो जोड. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे, म्हणजे वीज ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, फुकट.

सुधाआत्या: केतकी, फोटो मिळाले गं. नाक अगदी आमच्या आईचं आहे. डोळे भरून आले.

मंगलकाकू: काल संध्याकाळी हॉलमध्ये स्वेटर काढून बसले होते. पहाटे बेडरूम 20 वर होती, खिडकी उघडायची वेळच आली नाही. प्रज्ञा, शहाणी आहेस. झोपताना बाळाला टोपडं मात्र मी घालणार.

केतकी: आई, झोपेत टोपडं घालू नका असं हेल्थ व्हिजिटरने सांगितलंय. आपण घरी बोलू.

प्रज्ञा: मंदार, अजून एक. मार्चअखेरीस घड्याळं तासभर पुढे जातील. बऱ्याच ठिकाणी स्वस्त तास हिवाळ्याच्याच वेळेवर राहतात, म्हणजे तुमच्या घड्याळाने ते तासभर उशिरा सुरू होतात. वॉशिंग मशीनचा टायमर त्याप्रमाणे लाव.

विश्वासकाका: मार्चचं मार्चमध्ये. मंदार, तक्रारीचा मसुदा आधी इथे टाक, मी बघतो. ऑक्टोबरपासूनची सगळी बिलं जोड, आणि फोटोत तारीख-वेळ स्पष्ट दिसली पाहिजे.