57 व्या वर्षी काइटबोर्डिंग शिकायचंय: मोरजी की रामेश्वरम?

नारळीपौर्णिमा: वय 57, वजन 82 किलो, राहणार पुणे. पोहता चांगलं येतं. उजव्या गुडघ्याच्या मेनिस्कसची (सांध्यातल्या कूर्चेच्या गादीची) शस्त्रक्रिया झालेली आहे, बीपीची गोळी चालू आहे. जानेवारीत काइटबोर्डिंग (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीने पायाखालच्या बोर्डावरून पाण्यावर सरकणं) शिकायचं नक्की केलंय. जागा कुठली निवडावी आणि या वयात नेमकं काय जपायचं?

दर्याकाठ: जागेच्या आधी वारा बघा. गोव्यात हिवाळ्यात सकाळी मतलई वारे असतात, जमिनीकडून समुद्राकडे. त्या वाऱ्यात काइट उभारायचीच नाही, काही बिघडलं तर खोल समुद्रात जाल. दुपारी खारे वारे सुरू होतात, वायव्येकडून, किनाऱ्याला तिरपे. चांगल्या दिवशी 12 ते 15 नॉट (ताशी सुमारे 22 ते 28 किमी) मिळतात, आणि शिकताना वारा किनाऱ्याकडे ढकलणाराच हवा. मात्र गोव्यातल्या मोरजीत हाच वारा तुम्हाला दक्षिणेकडे, शापोरा नदीच्या मुखाकडे सरकवतो. ओहोटीला तिथलं पाणी बाहेर ओढतं. म्हणून भरती-ओहोटीची वेळ बघून, मुखापासून लांब, उत्तरेच्या बाजूलाच शिकायचं.

रामेश्वरमजवळ हिवाळ्यात ईशान्येचा वारा असतो आणि उथळ, सपाट पाणी मिळतं. तुमच्या गुडघ्यासाठी मी तेच सुचवेन. पाणी कमरेइतकं हवं. गुडघ्याच्या खाली असेल तर पडल्यावर थेट तळावर आपटाल. कोकणात पावसाळ्यात वारा भरपूर असतो, पण तो झोतांनी येतो आणि लाटा किनाऱ्यावर फुटतात. शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये.

लीशवाला: काइटच्या मापाचा ढोबळ हिशोब: वजन गुणिले 2.2, भागिले वाऱ्याचे नॉट. तुमच्यासाठी 15 नॉटला 12 चौरस मीटर. पहिल्या तासांना त्याहून एक माप लहानच घ्या, 9 किंवा 10.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घाबरल्यावर माणूस बार (काइट चालवायचा हातातला दांडा) छातीशी ओढतो, आणि बार ओढला की काइटची ताकद वाढते. म्हणजे शरीराला जे आपसूक सुचतं ते इथे नेमकं उलटं पडतं. क्रम असा बसवा: आधी बार सोडा. तरीही ओढ थांबली नाही तर चिकन लूपवरचं (बार अंगावरच्या हार्नेसच्या पट्ट्याला अडकवणारी कडी) क्विक रिलीज, म्हणजे झटक्यात सुटका करणारी कळ, पुढे ढकला. काइट एकाच दोरीवर लोंबून ताकद सोडते. तेवढ्यानेही भागलं नाही, उदाहरणार्थ दोरी दुसऱ्याच्या काइटमध्ये अडकली, तरच लीशचं (काइटला तुमच्याशी जोडून ठेवणाऱ्या शेवटच्या दोरीचं) रिलीज. काइट नसताना, हार्नेसला भार देऊन, डोळे मिटून, दोन्ही हातांनी आलटूनपालटून हे करा. रिलीजच्या नळीत वाळू बसली की ती अडकते, म्हणून रोज पाण्यात उतरण्याआधी एकदा उघडून, गोड्या पाण्याने धुऊन बघायची. शाळेला विचारा, बार आयएसओ 21853 प्रमाणे आहे का. हे मानक 2020 मध्ये आलं. जुनाट बार हातात देत असतील तर दुसरी शाळा शोधा.

मोठ्या दुखापती बहुतेक जमिनीवर होतात, काइट उभारताना किंवा उतरवताना. वाऱ्याच्या खालच्या अंगाला निदान 50 मीटर मोकळं हवं. झाड, खांब, होडी, माणूस काही नको. उभी केलेली काइट घेऊन किनाऱ्यावर गप्पा मारत थांबायचं नाही.

फिजिओ_रत्नागिरी: वयाचं बोलायचं तर पहिले थकतात ते खांदे आणि बोटं. कोपर वाकलेले, बोटं हलकी; भार हार्नेसने घ्यायचा. कमरेचा हार्नेस पोट थोडं सुटलेलं असेल तर वर सरकून बरगड्यांना लागतो, म्हणून सुरुवातीला मांड्यांतून पट्टे जाणारा घ्या. वॉटर स्टार्टला (पाण्यातून काइटच्या ओढीने बोर्डावर उठताना) पाय ताठ ठेवून उठायचा प्रयत्न केला की सगळा झटका गुडघ्यात जातो. टाचा पार्श्वभागाजवळ ओढा आणि काइटने उचललं की मगच उभे व्हा. बोर्डाचे पट्टे इतके सैल ठेवा की पडताना पाय निसटेल. बोर्डाला लीश नको, तो दोरीने परत येऊन डोक्यावर बसतो. हेल्मेट आणि इम्पॅक्ट जॅकेट (मार झेलणारं जाड जॅकेट) प्रत्येक तासाला.

एका दिवशी दोन तास पुरे, आणि तिसऱ्या दिवशी सुट्टी. बहुतेक लोक 9 ते 12 तासांत उभे राहतात. तुम्ही 15 धरून पैसे आणि रजा ठेवा, म्हणजे घाई होणार नाही. एकास एक प्रशिक्षकच घ्या. बीपीच्या काही गोळ्यांनी उन्हात चक्कर येते, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डोक्याचा साधा मारही गंभीर; दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आधी विचारा.

नारळीपौर्णिमा: पुण्यात तोवर काही करता येईल का?

दर्याकाठ: हो. 2 ते 3 चौरस मीटरची ट्रेनर काइट (सरावाची छोटी काइट), मोकळं मैदान, विजेच्या तारा आसपास नकोत, वारा 8 ते 12 नॉट. हार्नेस न लावता. वर 12 वाजले आहेत असं धरून काइट आधी 10 ते 2 मध्ये सावकाश फिरवा, मग काइटकडे न बघता. डोकं वर न करता ती कुठे आहे हे हाताला कळू लागलं की पाण्यातले पहिले दोन तास वाचतात. आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही, पतंगाच्या सवयीने बहुतेक जण तेच करतात.

लीशवाला: सेल्फ रेस्क्यूही (भर पाण्यात दोऱ्या गुंडाळून स्वतःच किनाऱ्याला परत येणं) आधी वाळूवर शिका. लीशच्या एकट्या दोरीचे काही मीटर बारवर गुंडाळून गाठ मारा, मगच बाकीच्या दोऱ्या. सगळ्या एकदम गुंडाळल्या तर काइट परत ताकद धरते. काइटशी पोचलात की तिची टोकं धरून, तिचं शीड करून किनाऱ्याला या. ज्या शाळेत हे शिकवत नाहीत तिथे नाव घालू नका.