मदत हवी आहे: लाओसमधल्या जुन्या मैत्रिणीकडे एप्रिलमध्ये जायचंय

2017 मध्ये थायलंडहून लाओसच्या सीमेवरच्या हुआय साय मार्गे मेकाँग नदीतल्या संथ बोटीने लुआंग प्राबांग या लाओ शहरात गेले होते. दोन दिवसांचा प्रवास, मधली रात्र पाकबेंगला. बोटीत शेजारी बसलेली लाओ शिक्षिका आणि एक जपानी आजी यांच्याशी गट्टी जमली. भाषा तिघींच्या तीन, पण चिकट भाताची टोपली एकच! लुआंग प्राबांगला त्या शिक्षिकेच्या आईने आमच्या मनगटांवर पांढरा दोरा बांधून 'बासी' (शुभेच्छांचा लाओ विधी) केला होता. राखीच आठवली मला.

आता एप्रिलमध्ये, त्यांच्या नववर्षाला (पी माई, साधारण 14 ते 16), आम्ही तिघी तिथेच पुन्हा भेटणार आहोत. आजींना आता दोन दिवस बोटीत बसवणार नाही, म्हणून त्यांना राजधानी विएंतियानहून 2021 मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने आणायचं ठरतंय. दोनेक तासांत पोचते म्हणे.

सणाच्या दिवसांत या गाडीची तिकिटं कुणी काढली आहेत का? किती आधी, कुठून? मला स्वतःला मात्र बोटच हवी आहे. एप्रिलमध्ये पाणी कमी असताना ती नेहमीसारखी चालते का?

आणि मी शाकाहारी. मागच्या वेळी पपईच्या सॅलडमध्येही आंबवलेल्या माशाचं 'पादेक' निघालं. यजमान न दुखावता हे कसं सांगायचं? भेट म्हणून मैत्रिणीच्या आईसाठी इरकल नेऊ का? विणकरांच्या गावात साडी म्हणजे जरा धाडसच वाटतंय.