पांढरे पडले म्हणजे रंग कच्चा असं नाही

या चर्चेत कोणीतरी लिहिलंय की बागेतल्या वाफ्यांच्या कडेला लावायचे सिमेंटचे नकली दगडाचे ब्लॉक पहिल्याच पावसाळ्यात पांढरे पडले म्हणजे रंग कच्चा, हे काही पटलं नाही. तो थर बहुतेक वेळा सिमेंटमधला चुना असतो, पाण्याबरोबर वर येतो आणि हवा लागून पृष्ठभागावर बसतो, हळूहळू कमी होतो. रंग वरवरचा आहे का बघायचं तर दुकानात तुटका तुकडा मागा, आत पण तोच रंग असेल तर बिनधास्त घ्या.

पण कडेच्या ब्लॉकची लाईन वाकडी होण्यावर एवढी चर्चा झाली आणि मातीचं कोणी बोललंच नाही! आमच्याकडे हडपसरला काळी माती, पावसात फुगते आणि एप्रिल-मेत भेगा पडून आक्रसते, त्यावर नुसते मांडलेले ब्लॉक, मग तो अस्सल काळा पाषाण का असेना, म्हाताऱ्याच्या दातांसारखे हलणारच. म्हणून आमच्या गवंड्याने चर खणून आधी मुरूम पाणी मारून ठोकला, ब्लॉक साधारण एक तृतीयांश जमिनीत घेतले आणि वाफ्याच्या बाजूने मागून काँक्रीटचा उतरता टेकू दिला, वर माती टाकली की तो दिसत पण नाही. शेजारच्यांनी नेमका टेकूच वाचवला, आता दर उन्हाळ्यात माळीबुवा दोरी लावून सरळ करत बसतात. आणि पार्किंगच्या कडेला चाक चढणार असेल तर हे शोभेचे ब्लॉक नकोच, तिथे फुटपाथच्या कडेला असतो तसा साधा जाड कर्ब स्टोन टाका.