मदत हवी आहे: सेफ्टी शॉवरला पाणी पुरत नाही, येतं तेही उन्हाळ्यात कढत

नमस्कार मंडळी,
नाशिकला अंबड एमआयडीसीत झिंक प्लेटिंगचं (जस्ताच्या मुलाम्याचं) छोटं युनिट आहे, तिथलं मेंटेनन्स माझ्याकडे. तेल-ग्रीस काढायची कॉस्टिक सोड्याची डीग्रीजिंग टाकी आणि तिला खेटून गंज काढायची हायड्रोक्लोरिक ॲसिडची पिकलिंग टाकी. वाफेनं काच धुरकटली की पोरांचे गॉगल कपाळावर जातात, कितीही ओरडा.

कस्टमरच्या ऑडिटमध्ये मुद्दा निघाला म्हणून शेठनी सेफ्टी शॉवर (अंगावर केमिकल उडालं तर धुवायला) आणि आयवॉश (डोळे धुवायला) यांचा एकत्र सेट आणला. प्लंबरनं कॅन्टीनच्या ५०० लिटरच्या टाकीवरून अर्धा इंची लाइन ओढून जोडला. हिरवा बोर्ड लागला, फोटो गेला, मुद्दा बंद.

आता दांडा ओढला तर वरून जेमतेम हात धुण्यापुरती धार पडते. शॉवर चालू ठेवून आयवॉशचं पॅडल दाबलं तर नोझलवरची धुळीची टोपणंसुद्धा उडत नाहीत. वर लाइन पत्र्याला चिकटून आलीय. एप्रिलच्या दुपारी पहिलं पाणी हाताला सोसवत नाही, ते डोळ्यांत कसं घ्यायचं?

टाकी केवढी, पाइप किती इंची आणि या गरम पाण्याचं काय करायचं? शेठ म्हणतात, "लागलंय ना, मग झालं." त्यांना पटेल असं काही सांगा.

प्रतिसाद १
भाऊ, शेठना हिशेबच दाखवा. सगळीकडे धरतात ते अमेरिकन एएनएसआय झेड३५८.१ मानक सांगतं, शॉवरला मिनिटाला सुमारे ७६ लिटर, तेही सलग १५ मिनिटं. म्हणजे ११४० लिटर एकट्या शॉवरचे. आयवॉशला मिनिटाला दीड लिटर, चेहराही धुणारा असेल तर साडेअकरा. दोन्ही एकदम चालले पाहिजेत. तेव्हा १५०० लिटरची वेगळी टाकी घ्या आणि कॅन्टीनचा संबंध तोडा. तुमची ५०० लिटरची टाकी भरलेली असली तरी साडेसहा मिनिटांत संपेल. आपलं भारतीय मानक आयएस १०५९२ पण आहे, तेही मागवून ठेवा.

लाइन सव्वा इंची, थेट सेटपर्यंत. बहुतेक सेट दोन किलो (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर धरून बनवलेले असतात. सहा मीटर उंचीच्या टाकीनं पाऊण किलोही मिळत नाही, त्यामुळे बूस्टर पंप लागेल आणि तो जनरेटरवर हवा. आपल्याकडची लाइट कधी जाईल, नेम नाही. नाहीतर डोक्यावर स्वतःची टाकी असलेला शॉवर मिळतो, त्याला पंप लागत नाही.

तपासायचं सोपं आहे: शॉवरखाली २०० लिटरचा उघडा ड्रम ठेवा. पावणेतीन मिनिटांच्या आत भरला पाहिजे.

प्रतिसाद २
गरम पाण्याला हसण्यावारी नेऊ नका. पाणी १६ ते ३८ अंशांत हवं. चटका बसला की माणूस दोन मिनिटांत बाजूला होतो, आणि कॉस्टिक तर ॲसिडपेक्षाही डोळ्यात खोल उतरत जातं. पाइप पत्र्यावरून काढून भिंतीच्या सावलीच्या बाजूनं न्या, शक्य तिथे जमिनीखालून. उरलेल्याला इन्सुलेशन, टाकीवर शेड. पाणी ठरावीक तापमानाच्या वर गेलं की आपोआप थोडं सोडून देणारा व्हॉल्व्हही मिळतो. जानेवारीतल्या पहाटेच्या शिफ्टलाही पाणी मोजा. नाशिकच्या थंडीत उलटा त्रास होतो, गारठलेल्या पाण्याखाली कुणी उभं राहत नाही.

शॉवरखाली पडलेलं पाणी ईटीपीकडे (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटकडे) वळवा, पावसाच्या गटारात नको.

धागाकर्ता
दोघांचे आभार. ड्रमची युक्ती शेठसमोरच करतो. आणखी एक: प्लंबरनं खाली बॉल व्हॉल्व्ह दिलाय आणि रात्रपाळीवाले गळतंय म्हणून तो बंद करून ठेवतात. काढूनच टाकू का?

प्रतिसाद १
काढू नका, दुरुस्तीला लागतो. उघडा ठेवून हँडल काढा आणि सील मारा. गळतं ते आधी दुरुस्त करा, नाहीतर ते पान्यानं बंद करतील. आठवड्यातून एकदा दोन्ही चालवून वहीत सही घ्या, म्हणजे लाइनमधलं गंजाचं लाल पाणीही निघून जाईल. आणि ॲसिड-कॉस्टिकच्या टाक्यांपासून शॉवरपर्यंत दहा सेकंदांत पोचता यायला हवं. वाटेत बॅरल आणि जॉबच्या ट्रॉल्या उभ्या असतील तर त्या आजच हलवा, त्याला शेठची परवानगी लागत नाही.