मदत हवी आहे: नळाला पिवळं, वास येणारं पाणी. कोणता फिल्टर घ्यावा? लवकर सांगा

सीनाकाठ (बुधवार, रात्री ९:५०)

आमच्या नळाला गेल्या तीन पाळ्या झाल्या, पिवळसर पाणी येतंय. वासपण येतो. पंचायतीत दोनदा सांगून आलो, "बघतो" म्हणतात. टीडीएसचा मीटर आणून मोजलं तर ६४० दाखवतंय. उद्या कामानं सोलापूरला चाललोय, येताना फिल्टर घेऊनच यायचाय. १५ हजारांच्या आत कोणता घ्यावा? आरओ, यूव्ही, का दोन्ही असलेला? उद्या ११ च्या आत सांगा. लांबलचक माहिती नको, नुसतं सांगा काय घेऊ.

हुरडा_मंगळवेढा (रात्री १०:०५)

डोळे झाकून आरओ घ्या. आमच्या बोअरचा टीडीएस १८०० च्या वर आहे. सहा वर्षं झाली मशीन लावून, घरात एकाचंही पोट बिघडलं नाही. वर्षातनं एकदा फिल्टरच्या कांड्या बदलायच्या, बाकी काही बघावं लागत नाही.

जुना_फिटर (रात्री १०:२०)

पाणीपुरवठ्याच्या कामात ३१ वर्षं काढली, म्हणून विचारतो. पाणी कितव्या दिवशी येतं? पिवळं नुसतं सुरुवातीला येतं का शेवटपर्यंत? वास कसला? गंजाचा, मातीचा, कुजक्या अंड्याचा का गटाराचा? शेजारी काय परिस्थिती आहे? गावाचं पाणी विहिरीचं का नदीचं? हे कळल्याशिवाय फिल्टर सांगणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

सीनाकाठ (रात्री १०:३१)

काका, मी फिल्टर विचारलाय. तरी सांगतो. तिसऱ्या दिवशी येतं, पाऊण तास. शेजारीपण तसंच आहे. विहीर नदीकाठी आहे, तिथनं टाकीत आणि टाकीतनं गावाला. वास कसला म्हणजे वाईट वास आहे, प्यावंसं वाटत नाही.

गृहिणी_अकलूज (रात्री १०:४४)

६४० म्हणजे पाणी जड असू शकतं. साबणाला फेस येत नसेल, तूरडाळ शिजत नसेल. आमच्या गीझरची कॉइल दोन वर्षांत पांढऱ्या थरानं बसली. केस धुवायला पावसाचं पाणी साठवून ठेवा, फरक पडतो. माझे केस तर खूपच गळत होते.

मास्तर_बार्शी (रात्री ११:०२)

एक गोष्ट आधी स्पष्ट करू द्या. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो. जंतू दाखवत नाही. गटाराचं पाणी मिसळलं तरी तो आकडा जागचा फारसा हलत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे ५०० पर्यंत उत्तम आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे ६४० हा घाबरायचा आकडा नाही. त्याच मानकात ई-कोलाय जंतू १०० मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये असं आहे, आणि तुमची काळजी तिथं असायला हवी. आरओ ६४० चे १०० करून देईल, पण निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जाईल. तिसऱ्या दिवशी पाऊण तास पाणी येणाऱ्या घरात हे परवडतं का, विचार करा.

हुरडा_मंगळवेढा (रात्री ११:१०)

मास्तर, पुस्तकातलं सांगू नका. आरओचं पाणी जंतूसकट साफ होतं, पडद्यातनं काही जात नाही. सांडपाण्यावर आम्ही भांडी धुतो आणि झाडं जगवतो.

मास्तर_बार्शी (रात्री ११:१९)

पडदा धड असेल तोवर जात नाही. गढूळ पाण्यानं तो लवकर चोंदतो आणि फाटला तर बाहेरनं कळत नाही. यूव्हीचंही तसंच. पाणी गढूळ असेल तर जंतू गाळाआड राहतात, उजेड त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तुमचं पाणी बोअरचं, स्वच्छ पण खारं. यांचं नळाचं, गढूळ. दोन वेगळे रोग आहेत हे.

सोलापूरकर_७ (रात्री ११:४०)

तुम्हाला तिसऱ्या दिवशी तरी येतंय. आम्ही शहरात राहून चार-चार, पाच-पाच दिवस वाट बघतो, आणि उजनी भरलेली असतानासुद्धा! पाण्याचा रंग बघायचा तर आधी उजनीचा बघा. पुण्याचं आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतनं भीमेत आणि भीमेतनं आमच्या धरणात येतं. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं. खरा प्रश्न तो आहे.

कर्वेरोड (रात्री ११:५२)

पुण्यात सांडपाणी शुद्धीकरणाचे प्रकल्प आहेत. सगळा दोष आमच्यावर का? धरणाच्या काठच्या उसाचं खत पाण्यात उतरत नाही का?

सोलापूरकर_७ (रात्री ११:५८)

प्रकल्प आहेत, पण सगळं सांडपाणी त्यातनं जातं का? यशवंतसागर, म्हणजे उजनीचा जलाशय, ११७ टीएमसीचा, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात आम्ही त्या तळाचंच पाणी पितो. खतानं शेवाळ वाढतं हे मान्य. पण मैलापाणी उसातनं येत नाही.

जुना_फिटर (गुरुवार, सकाळी ६:१५)

उजनीसाठी वेगळा धागा काढा, माझी हरकत नाही. इथं या माणसाच्या घरात आज काय करायचं ते बघू.

सीनाकाठ, दोन-दोन दिवस नळ कोरडा असतो तेव्हा पाइपात दाब नसतो. कुठं जोड फुटलेला असेल, पाइप गटारातनं गेलेला असेल, तर बाहेरचं घाण पाणी आत झिरपतं. पाणी सुटलं की ती घाण पहिल्या धारेबरोबर घरात येते. म्हणून विचारलं की पिवळं सुरुवातीला का शेवटपर्यंत. आणखी एक विचारतो, रागावू नका. नळाला मोटर लावता का?

सीनाकाठ (सकाळी ७:०५)

सगळेच लावतात. नाही लावली तर थेंब येत नाही. मोटरचा पाण्याच्या रंगाशी काय संबंध?

जुना_फिटर (सकाळी ७:२०)

थेट संबंध आहे. मोटर नुसतं पाणी ओढत नाही, पाइपाला जिथं भोक असेल तिथनं गटारही ओढते. गल्लीत दहा मोटरी लागल्या तर पाणी चालू असतानासुद्धा दाब उलटा होतो. कनेक्शन घेताना रस्ता ओलांडून आलेला पाइप बघा. आमच्याकडं दहातली आठ गळती तिथंच, गटाराच्या खाली सापडायची. लोखंडी पाइप तिथं आठ-दहा वर्षांत खाऊन जातो.

माढ्याची_आशा (सकाळी ७:४८)

दादा, घरात कोण कोण आहे ते तुम्ही सांगितलंच नाही. लहान बाळ, म्हातारं माणूस, गरोदर बाई? कुणाला जुलाब, उलट्या, ताप?

सीनाकाठ (सकाळी ८:१०)

आई, मी, बायको, आणि बहीण बाळंतपणाला आलीय. आठवा महिना. तिच्यासाठीच तर फिल्टर घ्यायचाय. चार दिवसांपूर्वी आईला जुलाब झाले होते, आता बरी आहे. मागच्या गल्लीत दोघांना कावीळ झालीय, पण ते बाहेर हॉटेलात खाणारे आहेत.

माढ्याची_आशा (सकाळी ८:१६)

दादा, हे पहिल्याच ओळीत लिहायला पाहिजे होतं. फिल्टर घरी येईपर्यंतसुद्धा थांबू नका. आत्तापासून ताईंना उकळलेलंच पाणी द्या. पिण्याला, चूळ भरायला, पीठ मळायला, कोशिंबीर धुवायला, सगळ्याला तेच.

पाण्यातनं होणारी जी कावीळ आहे, तिचा ई प्रकार गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेततो. दूषित पाणी पोटात गेल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी ती दिसते. म्हणून आज ताई बऱ्या दिसतायत म्हणून निवांत राहू नका. भूक मेली, मळमळ, उजवीकडं बरगडीखाली दुखणं, लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या आणि गल्लीतल्या काविळीचंही सांगा. दोन पेशंट एकाच गल्लीत असतील तर आरोग्य विभागाला कळायलाच हवं.

कडक_भाकरी (सकाळी ८:४०)

तांब्याच्या हंड्यात रात्रभर पाणी ठेवा. आमच्या आजीनं आयुष्यभर तेच केलं, ९१ वर्षं जगली.

मास्तर_बार्शी (सकाळी ८:५५)

तांब्यानं काही जंतू मरतात, पण सावकाश, आणि पाणी स्वच्छ असेल तरच. आठव्या महिन्यातल्या बाईला त्या भरवशावर ठेवू नका. तुरटीचंही तेच. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आधी तुरटी, मग चार पदरी धोतरातनं गाळणं, मग उकळणं.

गृहिणी_अकलूज (सकाळी ९:०२)

उकळणं किती वेळ? आम्हाला शाळेत २० मिनिटं शिकवलंय. सिलिंडर आठवड्यात संपेल.

मास्तर_बार्शी (सकाळी ९:१०)

खळाखळा उकळी फुटल्यावर एक-दोन मिनिटं पुरतात. जागतिक आरोग्य संघटना तर खळाखळा उकळी फुटली की पुरे म्हणते. मग त्याच भांड्यात झाकून गार करायचं आणि वगराळ्यानं काढायचं. हात बुडवला की सगळं वाया.

हुरडा_मंगळवेढा (सकाळी ९:३०)

एवढं करण्यापेक्षा २० लिटरचा थंड पाण्याचा जार लावा ना.

माढ्याची_आशा (सकाळी ९:३७)

दादा, त्या झाकणाच्या जारात पाणी कुठलं भरतात, कोण तपासतं? विकत घ्यायचंच तर सीलबंद घ्या, ज्याच्यावर आयएस १४५४३ आणि आयएसआयची खूण आहे. गार आहे म्हणून शुद्ध होत नाही.

सीनाकाठ (सकाळी १०:२०)

उकळायला सुरुवात केली. बहिणीला घेऊन केंद्रात गेलो होतो, रक्त घेतलंय. सोलापूरला जाणं रद्द. पण कायमचं काय करू ते सांगा. पंचायत म्हणते टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) रोज टाकतो.

जुना_फिटर (सकाळी १०:४५)

टाकत असतीलही. तुमच्या नळापर्यंत ते टिकतं का, हे बघायचं. जलसुरक्षकाकडं (गावचं पाणी तपासणाऱ्याकडं) ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाची, बाटली असते. पाण्यात दोन-तीन थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. तुमचं पाणी आधीच पिवळं आहे, म्हणून दोन ग्लास शेजारी ठेवा, एकात थेंब टाका, दुसरा तसाच, आणि फरक बघा. शेवटच्या नळाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे.

टाकीजवळच्या नळाला रंग आला आणि तुमच्याकडं नाही आला, तर मधल्या वाटेत घाण मिसळतेय, ती क्लोरीन खाऊन टाकते. दोन्हीकडं नाही आला, तर टाकीतच टाकत नाहीत किंवा पावडर जुनी होऊन उतरलीय. हे कळलं की कुणाशी काय बोलायचं ते ठरतं. "पाणी घाण आहे" म्हणून गेलात तर "बघतो" ऐकाल.

शिवाय एक ग्लास पाणी रात्रभर हलवू नका. सकाळी तळाला तांबूस गाळ बसला तर गंज. काळपट बुळबुळीत आणि वास तसाच, तर गटार.

मास्तर_बार्शी (सकाळी ११:०५)

एचटूएसची बाटलीपण मागा. खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायची. काळं पडलं तर मैल्याचे जंतू असल्याची शंका घ्यायची. पक्क्या अहवालासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. जंतूंच्या तपासणीला घरची बाटली चालत नाही, त्यांच्याकडनं निर्जंतुक बाटली आणायची आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. नायट्रेटही तपासायला सांगा, तान्ह्या बाळाला ते बाधतं. नदीकाठची विहीर, भोवती ऊस, त्यात युरिया. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची आहे आणि उकळून नायट्रेट कमी होत नाही, उलट पाणी आटून वाढतं.

माढ्याची_आशा (सकाळी ११:२०)

त्यात भर घालते. बाळ झाल्यावर सहा महिने फक्त अंगावरचं दूध. वरचं पाणी, गुटी, मधाचं बोट, काहीही नाही. मग बाळाला या पाण्याची भीतीच उरत नाही.

सीनाकाठ (शनिवार, रात्री ८:३०)

आज पाण्याची पाळी होती. मोटर लावली नाही, पहिली २० मिनिटं पाणी सोडून दिलं. शेवटी जरा निवळ आलं. ओटी केली: टाकीजवळच्या नळाला चांगला पिवळा रंग, आमच्याकडं दोन्ही ग्लास सारखेच. शेजारच्या तीन घरांतपण नाही. चौकाच्या अलीकडच्या घरात मात्र रंग आला. म्हणजे चौक आणि आमची गल्ली यांच्यामध्ये कुठंतरी आहे. मोटर काढा म्हटल्यावर शेजारी भांडायला उठले. एकजण म्हणाला, तुझ्या बहिणीसाठी आम्ही तहानलेले राहायचं का.

जुना_फिटर (रात्री ८:५०)

शाब्बास. निम्मं काम तुम्हीच केलंत. आता दोन्ही ठिकाणचे ग्लास सरपंच आणि ग्रामसेवकांसमोर ठेवा, तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. शेजाऱ्यांना त्यांच्याच नळाची ओटी करून दाखवा. त्यांच्या घरातही पोरंबाळं आहेत.

सीनाकाठ (बारा दिवसांनी, संध्याकाळी ६:१०)

उशिरा लिहितोय. एचटूएसची बाटली दुसऱ्या दिवशी काळीकुट्ट झाली होती. ती बाटली बघून शेजारी गप्प झाले, तेच माझ्याबरोबर पंचायतीत आले. चौकाजवळ गटाराच्या खाली खणलं तर लोखंडी पाइपाला बोट जाईल एवढं भोक, आणि शेजारी दुसऱ्या एका कनेक्शनचा जोड नुसता रबर गुंडाळून बांधलेला. तो तुकडा बदलला, गटाराच्या वरनं नेला. कालच्या पाळीला आमच्या नळाला ओटीचा रंग आला. पहिली पाच मिनिटं अजून सोडून देतो.

बहिणीची लिव्हरची तपासणी ठीक आली, दोन आठवड्यांनी पुन्हा करायची आहे. उकळणं चालूच आहे. फिल्टर घेतला नाही अजून. नमुना प्रयोगशाळेत दिलाय, नायट्रेटचा आकडा आल्यावर ठरवतो. काका, मास्तर, आशाताई, तुमचे उपकार विसरणार नाही. त्या दिवशी मी तोडून बोललो, मनात ठेवू नका.

हुरडा_मंगळवेढा (संध्याकाळी ६:४०)

बहीण सुखरूप आहे हे ऐकून बरं वाटलं. आरओचं माझं मत तेच आहे, पण पाइपाचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पानमंगरूळ_रोड (रात्री ९:१५)

याच धाग्यात विचारतो. आमच्या घरी ५०० लिटरची सिमेंटची टाकी आहे, चार वर्षांत धुतलेली नाही. पाण्याला वास येतो. टीसीएल किती टाकू?

जुना_फिटर (रात्री ९:३५)

आधी टाकी रिकामी करून घासून धुवा, झाकण घट्ट बसवा. नंतर १००० लिटरला ५ ग्रॅम या हिशेबानं तुम्हाला अडीच ग्रॅम. पावडर सरळ टाकायची नाही. बादलीत कालवून ठेवा, चुना तळाला बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. पावडर ताजी घ्या, उघडी पोती नकोत.

आणि पाणी कितव्या दिवशी येतं? मोटर लावता का?