गुरुजी घरी कसे होते? तुमचे अनुभव लिहा

बाबांच्या तेरवीला मांडवात जागा पुरली नाही. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत, सगळी यवतमाळ जिल्ह्यात. जो बोलायला उठला तो शाळेबद्दलच बोलला: पाढे, कवायत, फळ्यावरचं मोत्यासारखं अक्षर. ऐकताना बरं वाटत होतं. पण माय माझा हात धरून हळूच म्हणाली, "घरचे गुरुजी कोणालेच माईत नाही."

म्हणून हा धागा. तुमचे वडील, आजोबा, नवरा गावात मास्तर असतील, किंवा तुम्ही एखाद्या गुरुजींच्या घरात वावरला असाल, तर लिहा. सत्कार-पुरस्कार राहू द्या, घरातलं सांगा.

मी सुरुवात करते. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा २६ जूनला उघडायच्या. आदल्या रात्री बाबा आम्हा तिघा भावंडांच्या वह्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घालत. ते झालं की तेवढ्याच निगुतीनं आणखी दहा-बारा पोरांच्या वह्या घेऊन बसत. त्यांच्या घरचा पैसा बी-बियाण्यात गेलेला असायचा. आधी आमच्या वह्या, मग त्यांच्या. हा क्रम बाबांनी कधी मोडला नाही. त्या जास्तीच्या वह्यांचा खर्च माय हिशेबात 'किराणा' म्हणून मांडायची. तिची जुनी वही चाळताना हे मला आत्ता कळलं.

मुलगा, परतवाडा

माझे वडील नऊ वर्षं मेळघाटात होते, धारणीकडे. एकशिक्षकी शाळा. शनिवारी सकाळची शाळा आटोपून एसटीनं संध्याकाळपर्यंत घरी, सोमवारी पहाटे परत. पावसाळ्यात सेमाडोहला सिपना नदी चढली की गाडी अडायची, आणि आमचा तो शनिवार रिकामा जायचा. धाकट्या बहिणीचा जन्म झाला त्या रात्रीही असंच झालं. ते तिसऱ्या दिवशी पोचले. मला ते कित्येक वर्षं डाचत राहिलं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं गेलेलं नाही. बदलीसाठी त्यांनी केलेल्या अर्जांच्या कार्बन प्रती आमच्या ट्रंकेत आहेत. त्या मी नोकरीला लागल्यावर पाहिल्या. प्रत्येकात कारण एकच: 'कुटुंबासोबत राहता यावे.'

तिथल्या पोरांची कोरकू ही मराठीच्या गोतातली भाषा नाही, मुंडा कुळातली. पहिलीतलं पोर 'पाणी' म्हटलं की नुसतं बघत राही. म्हणून वडील आधी त्यांची बोली शिकले, आणि घरी आले की आम्हाला शिकवत. डा म्हणजे पाणी. जोम म्हणजे खाणं. आम्ही तांब्या पुढे करून "डा, डा" ओरडायचो. बहीण बोलायला लागली तेव्हा तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाणी मागितलं ते 'डा' म्हणून. वडील नुकतेच मेळघाटातून आले होते, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. तो शब्द ऐकून ते उंबऱ्यावरच बसले.

विद्यार्थिनी, वर्धा जिल्हा

शिष्यवृत्तीची परीक्षा तेव्हा चौथीला असायची. माझे आई-वडील वेचणीला पहाटेच जात आणि लहान भाऊ माझ्या कडेवर. अभ्यास होणं शक्य नव्हतं. गुरुजी घरी येऊन माझ्या आजीला म्हणाले, "नातवाला तुम्ही पाहा, हिला तीन महिने आमच्याकडे राहू द्या."

त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. एक कंदील, त्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघं. काकू दोघांना एकाच ताटात भाकर आणि वांग्याची भाजी वाढायच्या. निकाल लागला त्यात माझं नाव होतं, त्याचं नव्हतं. गुरुजींनी शाळेत पेढे वाटले. संध्याकाळी मी राहिलेलं सामान न्यायला त्यांच्या घरी गेले, तर ते वसरीत मुलाच्या डोक्याला तेल चोळत बसले होते. दोघंही गप्प. मी दारातूनच परत फिरले.

त्या साली तान्ह्या पोळ्याला त्याचा लाकडी नंदी गावात सगळ्यात देखणा होता. शिंगांना बेगड गुरुजींनी स्वतः चिकटवली होती. तो आज शेती करतो. त्याच्या शेतातली तुरीची डाळ दरवर्षी माझ्या घरी येते, आणि माझ्या मुलांचा तो मामा आहे.

शिक्षक, गोंदिया जिल्हा

मी स्वतः बापही आहे आणि गुरुजीही, म्हणून लिहितो. २००७ मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागलो, महिना ३,००० रुपये मानधन, तीन वर्षं. लग्न त्यातच झालं. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. आधीच्या गुरुजींच्या घरात म्हातारपणाची जी निश्चिंती होती ती माझ्या घरात नाही, आणि रात्री ते मनात येतंच. २०२३ च्या मार्चमधल्या जुन्या पेन्शनसाठीच्या संपात मीही होतो.

मुलगी माझ्याच शाळेत दुसरीत शिकते. फाटकापर्यंत बाबा, आत सर, असं तिचं तिनंच ठरवलेलं. परवा मैदानात पडली, गुडघा फुटला, तरी रडली ती "सर" म्हणूनच. मी तिला तिथंच कडेवर घेतलं आणि सांगितलं, लागलं की बाबाच म्हणायचं.

नातू, अकोला जिल्हा

आजी सांगते आहे, मी टाइप करतो आहे. तिची बोली बदललेली नाही.

यायले अख्खं गाव गुरुजी म्हणे, मीबी गुरुजीच म्हणो. १९७७ च्या डिसेंबरात सरकारी नोकरायचा तो मोठा संप झाला, ५४ दिवस चालला. पगार बंद. घरात चार लेकरं, सासू खाटेवर. सासूचं सगळं हेच करत, मले म्हणत, तू सैपाक पाय. लोकं खळ्यावरची जवारी आणून देत त हे वापस पाठवत. मंग मी मांगच्या दारानं घेऊ लागली. किती पायल्या घेतल्या ते कोळशानं भितीवर रेघा मारून ठेवो. एक दिवस यायले दिसल्या. मले वाटलं आता रागावतीन. उशीक उभे राह्यले अन् म्हणे, "कोणाच्या किती, हे कसं समजीन?"

मले शाळा दुसरीपर्यंतच, तेबी विसरली होती. त्या रातीपासून लेकरं निजले की पाटी काढत. पह्यले त्या जवारीवाल्यायचीच नावं शिकवली. एकेक नाव मी रेघंपाशी लिवलं. पगार आला तसे ते नावं पाहू पाहू घरोघरी फेडून आले. दिवाळीले भित सारवाची होती, त म्हणे तेवढी जागा राहू दे.

आता ते नाहीत. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्याले बँकेत जातो. साहेब शाईचं पॅड पुढं करते. मी पेन मांगतो.