सहा महिन्यांच्या बाळाला हमस: भीती चण्याची की तिळाची?

ढोकाळीची आई
लेक साडेसहा महिन्यांची आहे. उष्टावण झालं, मामाने मांडीवर घेऊन सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली. आता खिमट, मुगाचं वरण, लाल भोपळा चालू आहे. रविवारी घरी हमस, म्हणजे उकडलेल्या चण्यांची चटणी, केलं होतं आणि ही माझ्या ताटावरून नजर हलवेना. बोटाला लावून द्यायला गेले तर सासूबाई ओरडल्या, "अगं, चणे? पोट फुगेल पोरीचं!" नवरा म्हणाला, "कच्ची लसूण आहे त्यात." मी हात मागे घेतला, पण या दोन्ही कारणांसाठी नाही. हमसमध्ये ताहिनी असते, म्हणजे वाटलेले तीळ, आणि तीळ तिने अजून चाखलेलेच नाहीत. तिळाचं नाव मात्र घरात कुणीच काढलं नाही.

माझं मत: हमस सहा महिन्यांनंतर जरूर द्यावं, पण घरचं, बिनमिठाचं, आणि चणे व तीळ आधी वेगवेगळे देऊन बघितल्यावरच. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून पाकिटावर तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला, दूध-अंडं-शेंगदाण्याच्या रांगेत अ‍ॅलर्जी देणारा नववा पदार्थ म्हणून. आपल्याकडे तीळ म्हटलं की संक्रांतच आठवते, अ‍ॅलर्जी नाही. तुमचं काय म्हणणं?

नौपाड्याच्या काकू
माझं म्हणणं, मुळात हमस हवंच कशाला? माझी तीन नातवंडं खिमटावर वाढली. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून, जिऱ्याबरोबर दळायची. पातळ शिजवून वर तुपाचा थेंब. काबुली चणा तर मोठ्यांनाही झेपत नाही, आमच्याकडे दुपारी छोले झाले की संध्याकाळी ओव्याची बाटली फिरते. आणि तिळाचा एवढा बाऊ कशाला? बोरन्हाणाला मांडीवरच्या पोरांना तिळगूळ बोटाने चाटवतोच की आपण. आमच्यात कुणाला काही झालेलं नाही.

सीवूड्सकर
काकू, आमच्यात झालं. मुलगा आठ महिन्यांचा होता. एका घरगुती कार्यक्रमात कुणीतरी कौतुकाने पोळीचा मऊ तुकडा तिळाच्या चटणीत बुडवून त्याच्या तोंडात घातला. मी शेजारीच, हातात कॉफीचा कप. दहा मिनिटांत हनुवटीखाली लाल चट्टे, मग पोटावर गांधी, डावा डोळा सुजून बारीक झाला. उलटी झाली. श्वास ठीक होता म्हणून निभावलं, पण गाडीतून दवाखान्यात जाताना बायको सारखी त्याच्या छातीवर हात ठेवून बघत होती. तेव्हापासून माझं एकच सांगणं: तीळ, शेंगदाणे, सगळं वर्षानंतर. एवढी घाई कसली?

ढोकाळीची आई
वाचूनच पोटात गोळा आला. पण दादा, "वर्षानंतर" काय, त्याहून उशिराचा सल्ला आधी मोठमोठ्या संस्था देत होत्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2000 साली सांगितलं होतं की अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांना शेंगदाणे तीन वर्षांपर्यंत देऊ नका. 2008 मध्ये त्यांनीच तो सल्ला मागे घेतला, कारण थांबून फायदा होतो याला पुरावा नव्हता. मग 2015 मध्ये लंडनमधल्या अभ्यासाचे निकाल आले. जास्त धोक्याची 640 बाळं, वय 4 ते 11 महिने. अर्ध्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, अर्ध्यांना अजिबात नाही. पाचव्या वर्षी बघितलं तर खाणाऱ्यांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी.

सीवूड्सकर
शेंगदाण्याची! तुम्ही धागा काढलाय तिळाचा. एकाचं दुसऱ्याला कसं लावता?

दाणाबंदरवाला
सीवूड्सकर, मुद्दा बरोबर आहे. तीळ धरून सहा पदार्थ तीन महिन्यांपासून देण्याचा एक अभ्यास 2016 मध्ये आला होता, तोही लंडनचाच, 1303 बाळांवर. फायदा स्पष्ट दिसला तो शेंगदाणा आणि अंड्यात, आणि तोही ज्यांनी ठरल्याप्रमाणे सगळं खाऊ घातलं त्यांच्यातच. तिळाबद्दल छातीठोक बोलता येईल असं त्यातून काही निघालं नाही. म्हणजे "लवकर दिलं की तिळाची अ‍ॅलर्जी टळते" हे ताईंनीही म्हणू नये. पण "थांबलं की टळते" हेही कुठे दिसलेलं नाही. तुमच्या मुलाला वर्षानंतर दिलं असतं तर चट्टे उठले नसते, हे कशावरून?

आणि ज्या बाळाला जोरदार एक्झिमा (कोरडी, खाजरी त्वचा) आहे, किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आधीच निघाली आहे, त्याच्या आईबाबांनी इथलं कुणाचंच ऐकू नये. आधी डॉक्टर, मग तीळ.

सीवूड्सकर
कशावरून, हे मलाही सांगता येणार नाही. पण आठ महिन्यांचं पोर काय होतंय ते बोलू शकत नाही. दीड वर्षाचं निदान तोंडाकडे बोट तरी दाखवतं. माझा मुद्दा एवढाच आहे.

ढोकाळीची आई
हे पटलं. म्हणून तर कुणाच्या कार्यक्रमात नाही, घरी द्यायचं. सकाळी, बाळ ठणठणीत असताना, दवाखाना उघडा असेल अशा दिवशी. पहिल्यांदा चमच्याच्या टोकावर येईल एवढंच, मग दहा-पंधरा मिनिटं बघायचं, मग थोडं आणखी. पुढचे दोन तास नजर ठेवायची, त्या दिवशी दुसरं काही नवीन नाही. रात्री झोपवताना तर नाहीच. आणि एकदा मानवलं की आठवड्यातून एक-दोनदा देत राहायचं, चाखवून सोडून द्यायचं नाही. तोंडाभोवती नुसता लालसरपणा कधी लिंबानेही येतो. पण अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलट्या यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टर, आणि श्वासाला घरघर किंवा बाळ एकदम मलूल पडलं तर वाट न बघता 108.

घोडबंदर ट्रॅफिकग्रस्त
108 ला फोन करून गाडी आमच्या गेटपाशी येईस्तोवर... जाऊ दे, तो वेगळा धागा.
कामाचा प्रश्न: दुकानातली हमसची डबी चालेल का? बायकोला चणे भिजवायचं लक्षात राहत नाही. (मलाही राहत नाही, हे तीच लिहायला सांगतेय.)

ढोकाळीची आई
डबी नको. मीठ असतं त्यात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला वरचं मीठ नकोच. शिवाय चणे आणि तीळ त्यात एकत्रच, म्हणजे काही उठलं तर कशाने उठलं ते कळणार नाही. डाळीच्या जातीतला म्हणून चण्याचीही अ‍ॅलर्जी असते बरं का, ती आपण धरतच नाही. आणि चव आंबट लागते म्हणून कुणी मध घालतं, ते वर्षाच्या आत अजिबात नाही.

मी असं करणार आहे. जांभळी नाक्यावरून आणलेले काबुली चणे रात्रभर भिजवायचे, ते पाणी फेकून ताज्या पाण्यात कुकरला लावायचे. चिमटीत धरल्यावर पीठ व्हायला हवं. मग ताटात पसरून सालं काढायची; काम कंटाळवाणं आहे, पण मग सालं तोंडात येत नाहीत. पहिले तीन दिवस नुसता चणा, उकळून गार केलेल्या पाण्यात सैल केलेला. मग पांढरे तीळ अगदी गंधासारखे वाटून, तिने आधी खाल्लेल्या भोपळ्यात चिमूटभर. दोन्ही मानवले की एकत्र, वर लिंबाचे दोन थेंब. लसूण नंतर बघू. आणि घट्ट गोळा चमच्याने भरवायचा नाही, टाळूला चिकटतो. उकडलेला अख्खा चणा तर हातातही द्यायचा नाही.

नौपाड्याच्या काकू
म्हणजे सालं काढलेला, लसूण नसलेला, मीठ नसलेला, पाण्याने सैल केलेला चणा. याला हमस म्हणायचं? हे तर चण्याचं खिमट झालं.

ढोकाळीची आई
म्हणा की काकू, माझी हरकत नाही. पण सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह पुरत नाही, चण्यात ते आहे आणि लिंबाने ते अंगी लागायला मदत होते. तुमच्या खिमटाबरोबर देते, खिमटाऐवजी नाही.

सीवूड्सकर
मी अजूनही वर्षाच्याच बाजूने. पण द्यायचंच असेल तर शनिवार-रविवार सोडून द्या. आमचा प्रकार रविवारी दुपारी झाला होता, पहिले दोन दवाखाने बंद होते.

ढोकाळीची आई
हे लक्षात नव्हतं. शनिवार ठरवला होता, आता मंगळवारी देते.

नौपाड्याच्या काकू
मला पटलेलं नाही, तेवढं लिहून ठेव. पण तीळ भाजून घे गं, कच्चे वाटलेस तर कडवट लागतील आणि पोरगी थुंकून देईल. मंद आचेवर, तडतडायला लागले की लगेच उतरव. आणि मंगळवारी काय झालं ते इथे कळव.